कोकणच्या मातीचे निर्णय मुंबईत होतात

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत वर्तमानपत्रात एक बातमी ठरलेली असते: हापूसची पहिली पेटी वाशीच्या बाजारात आली. पेटीची पूजा होते, फोटो निघतो, भाव छापून येतो. कोकणातल्या माणसाला ती वाचून बरं वाटतं, मलाही वाटतं. पण ती पेटी इतक्या लवकर यावी म्हणून झाडाखालच्या जमिनीत काय ओतलं गेलं, ती बाग कुणी किती वर्षांच्या कराराने घेतली होती, आणि करार संपल्यावर त्या जमिनीत काय उरणार, हे त्या बातमीत कधीच नसतं.

कोकणातली शेतजमीन कशी राखायची याचे कितीतरी निर्णय आज गावात होतच नाहीत. पाला जाळायचा की पसरायचा, नांगर घालायचा की नाही, बाग स्वतः करायची की करारावर द्यायची, वरकस, म्हणजे उतारावरची हलकी जमीन, ठेवायची की विकायची, हे वाशीच्या गाळ्यावर ठरतं, मंत्रालयात ठरतं, बिल्डरच्या ऑफिसात ठरतं आणि विरार-डोंबिवलीच्या घरांत सातबारा पुढ्यात घेऊन बसलेल्या चुलत भावंडांत ठरतं. झीज तिकडे होते, निर्णय इकडे होतात. म्हणून मातीचा कस हा शेतकऱ्याचा घरगुती प्रश्न आहे असं समजून मुंबईने हात झटकणं मला मान्य नाही. या शहराने त्यातला आपला वाटा पैशानेही उचलला पाहिजे आणि खतानेही.

हापूसचंच आधी बघू. आंब्याला मुळात वर्षाआड धरायची सवय. ती मोडायला पॅक्लोब्युट्राझोल वापरतात. बागेत त्याला सगळे कल्टारच म्हणतात. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या सुमारास, ते बुंध्याभोवती जमिनीत देतात. मुळांवाटे ते झाडात जातं, नवी पालवी रोखतं, आणि मोहोर लवकर व दरवर्षी येतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याची शिफारस केली ती झाडाच्या विस्ताराप्रमाणे मात्रा मोजून आणि खताची बाजू सांभाळून. शास्त्र म्हणून ते ठीकच होतं. अडचण सुरू होते ती बाग करारावर गेली की. मालक मुंबईत, बागेत करारदार. त्याच्या हातात तीन वर्षं, फार तर पाच. पहिल्या पेट्यांना जो दर मिळतो तो मे महिन्यात मिळत नाही, हे त्याला आणि आपल्यालाही ठाऊक असतं. मग मात्रा वाढते, दरवर्षी दिली जाते, शेणखताचा खर्च मात्र वाचवला जातो, कारण शेणखताचा फायदा दिसेपर्यंत बाग दुसऱ्याकडे गेलेली असते. हे रसायन जमिनीत बराच काळ टिकून राहतं. अतिमात्रेने झाडाचे शेंडे आखूड होतात, पानं आणि मोहोर झुपक्यात येतात, झाड थकलेलं दिसतं. करारदाराला शिव्या घालणं सोपं आहे. पण त्याच्या जागी कुणीही असता तरी तीन वर्षांच्या मुदतीत त्याने हेच केलं असतं. मुदत आखूड असली की माती राखण्यात कुणाचाच फायदा उरत नाही. आणि मार्चच्या आधी हापूस खायची घाई ही शहराची आहे, गावाची नव्हे. गावात आंबा मे महिन्यातच खातात.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसते, पण दोष म्हणून कुणी बघत नाही. साफ बाग. पाला गोळा करून जाळलेला, गवत तणनाशकाने करपवलेलं, झाडांखाली लाल जमीन स्वच्छ उघडी. मालक मे महिन्यात मुंबईहून येतो तेव्हा अशी बाग बघून खूश होतो: निगा चांगली आहे म्हणतो. जूनमध्ये तोच मालक तिथे नसतो. आमच्या गावाकडे एका उतारावर अशी साफ बाग आहे आणि तिच्या गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, देवराई. मृगाच्या मोठ्या सरीनंतर मी त्या गडग्यापाशी उभा राहून दोन्हीकडचं पाणी बघितलं आहे. बागेतून येणारं पाणी गेरूसारखं, दगडांच्या फटींतून धावत सुटलेलं. गडग्याच्या आतल्या अंगाला बारीक मातीचा थर बसलेला, त्यावर बोट फिरवलं तर साय लागावी तसा मऊ. बागेतल्या जुन्या कलमांची मुळं बुंध्यापाशी उघडी पडलेली, चार बोटं तरी जमीन खाली गेलेली. देवराईतून येणारं पाणी मात्र सावकाश झिरपत होतं आणि नितळ होतं. पाऊस एकच, उतार एकच, खालचा दगडही एकच. फरक वरच्या पाल्याच्या थराचा, आणि तो थर ठेवायचा की जाळायचा हे माणूस ठरवतो.

कोकणात हा थर किती मोलाचा, हे घाटावरच्या माणसाला चटकन लक्षात येत नाही. देशावरची काळी जमीन खोल असते, तिथलं दुखणं वेगळं: उसाला पाणी पाजून पाजून शिरोळ-सांगलीकडची जमीन क्षारपड झाली, ती आता जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून सुधारावी लागते आहे. कोकणात उलट. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो, तो हजारो वर्षं जमिनीतला चुना, मॅग्नेशियम, पालाश (पोटॅशियम) धुऊन नेत आला आहे. मागे राहिलं ते लोह आणि ॲल्युमिनियम. म्हणून माती लाल, म्हणून आम्लधर्मी, आणि म्हणूनच तिला घातलेला स्फुरद (फॉस्फरस) लोहाशी बांधला जाऊन पिकाला पुरेसा मिळत नाही. अशा जमिनीत पिकाला जे मिळतं ते बहुतेक वरच्या थरातून, कुजलेल्या पाल्यातून, मुळांतून, गांडुळांच्या विष्ठेतून. त्याखाली जांभा. जांभ्यावर आंबा उगवत नाही. सुरुंग लावून खड्डा केला आणि त्यात बाहेरची माती भरली तरच उगवतो.

सरकारकडे मातीचं मोजमाप आहे. १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानात सुरतगढला मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. पत्रिकेत बारा गोष्टी तपासतात: सामू (आम्लता किती ते), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि जस्त-लोहासारखी सूक्ष्म द्रव्यं. योजना उपयोगी आहे, माझा तिला विरोध नाही. पण पत्रिकेला जमिनीची खोली दिसत नाही. पाणी किती वेळात मुरतं, माती किती दडपली आहे, फावड्याच्या एका घावात किती गांडुळं निघतात, हे तिच्यात नाही. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असला की पत्रिका कमी म्हणते, पाऊण टक्क्याच्या वर गेला की जास्त. कोकणातल्या झाडोऱ्याच्या जमिनीत हा आकडा बऱ्याचदा बरा येतो. शेतकऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. आणि तिकडे आकडा बरा असलेली तीच माती दर पावसाळ्यात थराथराने खाली चाललेली असते. देशभरात दर हेक्टरी वर्षाला सरासरी सोळा टनांहून अधिक माती जागची हलते आणि त्यातली सुमारे २९ टक्के समुद्राला मिळते, असा अंदाज १९८३ मध्ये मांडला गेला होता. मृदसंधारणावरच्या लिखाणात आजही तोच उद्धृत होतो. कोकणात डोंगर आणि खाडी यांत अंतरच किती! राजापूरच्या बाजारपेठेत पुराचं पाणी शिरतं, मग नद्यांतला गाळ काढायच्या मोहिमा होतात. मोहिमा चांगल्याच आहेत. पण तो गाळ म्हणजे वरच्या अंगाला कुणाच्या तरी शेताचा सगळ्यात सकस थर होता, हे मोहिमेच्या भाषणांत यायला हवं.

१९९० मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीशी जोडलेली फलोद्यान योजना आणली. कोकणात आंबा-काजूखालचं क्षेत्र त्यामुळे वाढलं, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतून लहान शेतकऱ्यालाही दोन पैसे दिसू लागले. हे श्रेय काढून घ्यायचं कारण नाही. मात्र योजनेने मोजली ती कलमं: किती लावली, किती जगली. उतारावरच्या झाडोऱ्याचं काय केलं, पाणी अडवणारे समतल चर खणले का, दोन ओळींमधली जमीन कशाने झाकली, हे अनुदानाच्या हिशोबाच्या केंद्रस्थानी कधी आलं नाही. तेव्हा निदान खड्डे माणसांनी खणले होते. आता जेसीबी येतो, उतारावरची झुडपं उपटतो, वरची माती आणि खालचा मुरूम एकत्र करतो आणि एका आठवड्यात डोंगराचा नकाशा बदलतो. जंगलाच्या जागी एकाच जातीची झाडं लावली की हिरवं दिसतं खरं, पण करवंद, तोरण, दिंडा, ऐन, किंजळ यांचा वेगवेगळ्या वेळी पडणारा पाला आणि वेगवेगळ्या खोलीला जाणारी मुळं गेलेली असतात. मातीला ती विविधता लागते. नुसती हापूसची पानं तिला पुरत नाहीत.

मातीला शहराने थेट विकतही घेतलं आहे. भिवंडी, कल्याण, पनवेल, पेण या पट्ट्यातल्या वीटभट्ट्यांना लागणारी माती भातखाचरांतून उचलली गेली. खाचराचा वरचा थर विकला की शेतकऱ्याच्या हातात एकदाच रोख रक्कम येते आणि खाली उरतो तो निबर थर, ज्यात पुन्हा तसं भात यायला वर्षानुवर्षं जातात. मुंबई-ठाण्याच्या कितीतरी भिंतींत ती खाचरं आहेत. औष्णिक केंद्रांची राख विटांत वापरावी म्हणून केंद्राने १९९९ मध्ये अधिसूचना काढली, तिच्या उद्देशातच वरच्या थराची माती वाचवणं होतं. नव्या टॉवरांत आता हलके ठोकळे दिसतात, तेवढा भार कमी झाला. तरी भट्ट्या बंद झालेल्या नाहीत.

आता चाकरमान्यांकडे येतो, म्हणजे आपल्या सगळ्यांकडे. कोकणातल्या हजारो सातबाऱ्यांवर पंधरा-वीस नावं आहेत आणि त्यातली बरीच मुंबईत राहतात. वाटणी झालेली नाही, एकाच्या मनात बाग, दुसऱ्याच्या मनात विक्री, तिसरा फोन उचलत नाही. जमीन पड राहते. पड जमीन विसावते, तिचा कस भरून येतो, असं आपण समजतो. आणि खरंच येतो, जर तिला वणवा लागला नाही तर. पण मार्च-एप्रिलमध्ये गवत वाळलेलं, राखणदार नाही, गुरं चारायला कुणी नाही. एक ठिणगी पुरते. रोपटी जळतात, पाला जळतो, जमीन उघडी पडते आणि दीड-दोन महिन्यांत पाऊस येतो. सलग काही वर्षं वणवा लागलेल्या वरकशीवर आधी झुडपं कमी होतात, मग नुसतं राठ गवत, मग कातळ वर येतो. पूर्वी त्याच वरकशीवर नाचणी-वरी व्हायची, काही वर्षांनी जागा बदलायची, गुरांचं शेण गोठ्यातून शेतात जायचं. ती शेती गरिबीची होती, तिच्यात परत जा असं मी कुणाला सांगणार नाही. पण तिच्यात मातीकडे बघणारं माणूस तिथे राहत होतं. आज ते माणूस नाही आणि त्याच्या जागी आपण काहीच ठेवलेलं नाही. गणपतीला गावी जाणाऱ्या कुटुंबांनी त्या चार दिवसांत वणव्याआधी जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून साफ केलेला पट्टा) कोण काढणार आणि त्याची मजुरी कोण देणार एवढं जरी ठरवलं तरी ते मातीसाठी मोठं काम होईल.

भाताच्या शेतीत तर पर्याय अगदी मुंबईच्या लोकल रेल्वेवर आहे. ठाणे-रायगड-पालघरची रीत अशी की उन्हाळ्यात राब भाजायचा: शेण, पाला, टहाळ रोपवाटिकेच्या जागेवर पसरून पेटवायचं. त्याने तणाचं बी मरतं, रोपं सहज उपटता येतात. शेतकरी ते अडाणीपणाने करत नाही. मग पावसात चिखलणी, म्हणजे भरल्या पाण्यात नांगरून चिखल करणं. चिखलणीने मातीचे कण सुटे होतात, खाली कठीण थर तयार होतो, पाणी साचतं, आणि भात कापल्यावर तीच जमीन वाळून ढेकूळ होते, ज्यात वालाचं मूळ नीट शिरत नाही. उतारावरच्या खाचरांतून चिखलणीच्या वेळी गढूळ पाणी बांधावरून वाहतं, म्हणजे ऐन पावसात माती आपणच पातळ करून सोडतो. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी यावर सगुणा तंत्र बसवलं. गादीवाफे एकदा करायचे, पुन्हा नांगरायचे नाहीत. लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर छिद्रं पाडून त्यात बी टोकायचं. ना राब, ना चिखलणी, ना लावणी. कापणीनंतर मुळं जागच्या जागी कुजू द्यायची. कुजलेल्या मुळांच्या नळ्यांतून हवा-पाणी खाली जातं, आणि काही हंगामांत गांडुळं परत येतात. कर्जत लोकलने नेरळला उतरून कुणालाही हे बघता येईल.

या तंत्रावर एक रास्त आक्षेप आहे: नांगराऐवजी तण मारायला तणनाशक लागतं. मलाही ते पूर्ण पटत नाही, आणि पिण्याच्या विहिरीजवळच्या शेतात तर मुळीच नाही. पण नांगर आणि चिखलणी दरवर्षी किती माती घेऊन जातात ते बघता, तणनाशक कमी कमी करत नेण्याच्या अटीवर मी या बाजूला उभा राहीन. ज्यांना तेही नको त्यांच्यासाठी डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री पद्धत आहे: भाताचे अवशेष आणि तुसाची राख शेतातच परत घालायची, बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला गाडायचा, चौकटीत नेमकी लावणी करायची आणि युरिया-डीएपीच्या ब्रिकेट मुळांजवळ खोचायच्या. खत फेकण्यापेक्षा खोचल्याने कमी लागतं, पाण्याबरोबर कमी वाहून जातं. दोन्ही रीती इथल्याच मातीत, इथल्याच माणसांनी बसवल्या. मग त्या सर्वदूर का गेल्या नाहीत? कारण पॉवर टिलर घ्यायला अनुदान आहे. पॉवर टिलर न फिरवल्याबद्दल नाही.

पैशाचा कल बघितला की सगळं कळतं. २०२२-२३ या एका वर्षात केंद्राचे खतांच्या अनुदानावर अडीच लाख कोटी रुपये गेले. युक्रेनच्या युद्धामुळे भाव भडकले होते, मान्य. तरी नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानाला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली रक्कम २,४८१ कोटी होती, म्हणजे त्या एका वर्षाच्या एक टक्का. युरियाची ४५ किलोची गोणी साधारण २६६ रुपयांना मिळते. त्या किमतीत शेणखताचा एक टेम्पो बांधावर येत नाही. युरियाने आम्लधर्मी जमीन आणखी आम्ल होत जाते आणि कोकणच्या जमिनीला याची सगळ्यात कमी गरज आहे. २०१० पासून इतर खतांचं अनुदान त्यातल्या अन्नद्रव्यांवर ठरतं, युरिया मात्र त्यातून वगळला गेला आणि स्वस्तच राहिला. शेतकरी स्वस्त ते वापरणार. त्याला अडाणी म्हणण्याचा हक्क हा भाव ठरवणाऱ्यांना नाही.

याचा अर्थ खतं उद्या बंद करा असा कुणी काढू नये. श्रीलंकेने २०२१ च्या एप्रिलमध्ये रासायनिक खतांवर एकाएकी बंदी घातली. भात आणि चहा दोन्ही कोसळले, नोव्हेंबरपर्यंत माघार घ्यावी लागली, आणि भोगलं ते लहान शेतकऱ्यांनी. उपाशी ठेवून मातीवर उपचार होत नाहीत. तिला आधी खायला द्यावं लागतं, आणि ते खाणं आजच्या घडीला सगळ्यात जास्त साठलं आहे ते मुंबईत.

ही मुंबई एके काळी स्वतःच्या मातीला खाऊ घालायची. सतराव्या-अठराव्या शतकात माहीमपासून बेटभर माडांच्या बागा होत्या आणि त्यांना कुजलेल्या मासळीचं खत घालत. ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांना त्या दर्पाने रोगराई होते असं वाटे आणि त्यांनी त्यावर बंदीही घातली होती. आज बेटावर माडांची राई नाही, पण समुद्रातून, घाटावरून, वसईहून, नाशिकहून रोज येणारं अन्न आहे. त्यात तिकडच्या जमिनीतलं नत्र, स्फुरद, पालाश, जस्त भरलेलं असतं. ते इथे येतं आणि परत जात नाही. रोजच्या सहा हजार टनांहून अधिक कचऱ्यातला मोठा भाग ओला असतो. तो १९२७ पासून चालू असलेल्या देवनारला साठत आला, आता बराचसा कांजूरमार्गला जातो. जानेवारी २०१६ मध्ये देवनार पेटलं तेव्हा गोवंडी-मानखुर्दपासून चेंबूरपर्यंत लोकांनी दिवसचे दिवस तो धूर घेतला. कचऱ्यात कुजणाऱ्या ओल्या मालातून सुटणारा मिथेन अशा आगी जिवंत ठेवतो. उपनगरांतल्या तबेल्यांचं शेण नाल्यांतून दहिसर, ओशिवरा, मिठी या नद्यांत आणि तिथून समुद्रात जातं. आणि मुरबाडचा शेतकरी शेणखताचा भाव विचारून गप्प बसतो.

आपल्या सोसायट्यांच्या आवारातही हेच घडतं. माळी सकाळी खराटा घेऊन बदामाची, गुलमोहराची पानं काढतो, काळ्या पिशव्यांत भरतो, पिशव्या गाडीत जातात. झाडांभोवतीची जमीन खराट्याने इतकी घासलेली असते की पावसात पाणी आत शिरत नाही, फरशीवरून वाहावं तसं वाहतं. जून जवळ आला की कमिटी लाल मातीच्या गोणी मागवते. ती लाल माती कुठून येते? कोकणाच्या वाटेवरच्या कुठल्या तरी उतारावरून खरवडलेली असते. तीच पानं झाडाखाली राहिली असती तर गोण्या लागल्या नसत्या. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कुणी पानं झाडत नाही, आणि तिथल्या झाडाखाली बोट खुपसलं तर पहिल्या पेरापर्यंत काळी, भुसभुशीत माती लागते. शहराच्या मधोमध हा धडा उघडा पडला आहे.

महापालिकेने २०१७ मध्ये मोठ्या सोसायट्यांना, रोज १०० किलोंहून अधिक ओला कचरा करणाऱ्यांना, तो आवारातच जिरवायला सांगितलं. काहींनी मनापासून केलं. काही ठिकाणी यंत्र बंद पडून ताडपत्रीखाली आहे. ज्यांनी केलं त्यांची पुढची अडचण वेगळीच: खत तयार होतं, पण न्यायला कोणी येत नाही. कुंड्यांना किती घालणार? राज्य सरकारचा शहरी खताचा 'हरित महासिटी कंपोस्ट' हा ब्रँड आहे. केंद्राने २०१६ मध्ये अशा खताच्या विक्रीला टनामागे १५०० रुपयांचं साहाय्य जाहीर केलं होतं. धोरण होतं, साखळी उभी राहिली नाही. शेतकऱ्याने एकदा गोणी फोडली आणि काच, प्लास्टिक, सॅशेचे तुकडे हाताला लागले, की तो दुसऱ्यांदा घेत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. खतात शिसं किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वर नको, अशी कायद्याची मर्यादा आहे. मिसळलेल्या कचऱ्यातून ती पाळणं अवघड. बॅटरी, रंग, ट्यूबलाइट एकाच डब्यात गेली की संपलं. म्हणजे नेरळ-मुरबाडच्या मातीची प्रत आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्याशी थेट बांधलेली आहे. ओला कचरा वेगळा ठेवणं हे मला शहर स्वच्छ ठेवण्यापेक्षाही शेतीचं काम वाटतं.

यावर एक प्रश्न हमखास येतो: करदात्याने शेतकऱ्याच्या खासगी जमिनीवर पैसे का खर्च करावेत? पहिलं उत्तर इतिहासात आहे. मुंबई इलाख्याने १९४२ मध्येच जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला, तो खासगी जमिनीवरही धूप थांबवायच्या योजना आखण्यासाठी. माती वाहून जाणं ही सार्वजनिक हानी आहे, हे ऐंशी वर्षांपूर्वीच इथल्या कायद्याने मान्य केलं. दुसरं उत्तर आपल्या नळात आहे. मुंबईचं पाणी तुळशी-विहार सोडले तर तानसा, मोडकसागर, भातसा, अप्पर आणि मध्य वैतरणा यांतून येतं. ते धरणक्षेत्र शहापूर, मोखाडा, इगतपुरीकडच्या डोंगरउतारांचं. तिथली माती पाणी धरून ठेवते की गाळ होऊन धरणात उतरते, यावर आपला पाणीपुरवठा अवलंबून आहे. धरणाच्या काठच्या शहापुरातली गावं एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात, हे आपण वर्षानुवर्षं वाचतो. त्यांचं पाणी आपण घेतो; तिथल्या मातीसाठी द्यायची वेळ आली की तो प्रश्न कृषी खात्याचा होतो.

महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींवरचा होता. एवढ्या मोठ्या अर्थसंकल्पात धरणक्षेत्रातल्या शेतकऱ्यांच्या मातीसाठी एक स्वतंत्र लेखाशीर्ष हवं, आणि पैसे थेट कामाला द्यावेत: हेक्टरमागे, जमीन पावसाळ्याच्या तोंडावर झाकलेली असल्याबद्दल, उतारावर समतल चर आणि बांधावर गिरिपुष्प असल्याबद्दल, न जाळलेल्या पाल्याबद्दल. हे सगळं मे महिन्यात शेतात जाऊन डोळ्यांनी तपासता येतं, त्याला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. राज्याने आंबा बागांसाठी नमुना करार काढावा: मुदत दहा वर्षांच्या खाली नाही, कल्टारची मात्रा आणि तारीख झाडागणिक नोंदवलेली, पाला बागेतच ठेवायची अट, आणि करार संपताना जमीन कशी परत करायची याचं कलम. मुंबईत बसलेले मालक अशा करारावर सही करायला तयार होतील का? भाडं थोडं कमी येईल. आंब्याची कलमं मात्र नातवंडांपर्यंत टिकतील.

खताच्या बाबतीत हातात वेळ कमी असतो. भाताला खत पेरणीआधी, मे अखेरपर्यंत बांधावर पोचलं तरच उपयोग. ओला कचरा नीट कुजून, चाळून, तपासून व्हायला महिने लागतात. म्हणजे वॉर्डावॉर्डांतल्या सोसायट्यांचं खत कोण उचलणार, कुठे एकत्र करणार, काच आणि शिसं कोण तपासणार, आणि भाजी उतरवून रिकामे परतणारे शहापूर-मुरबाड-कर्जतचे टेम्पो त्यासाठी वापरायचे झाल्यास त्यांना फेरीमागे काय द्यायचं, हे दिवाळीच्या आत ठरायला हवं. शेतकऱ्याला पहिली दोन वर्षं ते खत फुकट द्यावं. गोणी फोडल्यावर त्यात काय निघतं हे त्याने आपल्या हाताने बघितल्याशिवाय तो तिसऱ्या वर्षी ते विकत घेणार नाही.